न बोलायची खोली

घरत मॅडमच्या हाताखाली काम केलेला माणूस ओळखणं सोपं आहे. कुठल्याही स्वच्छ, पांढऱ्या खोलीत शिरला की तो आधी तोंड मिटून घेतो. मी अजून मिटतो. मध्ये दाढ दुखायला लागली म्हणून वाशीला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो, खुर्चीत बसलो आणि ओठ घट्ट मिटून घेतले. बिचारे डॉक्टर 'आ करा, आ करा' म्हणून थकले. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "त्या तुझ्या घरत मॅडमनी तुला पार कामातून घालवलंय." तिचं काही फारसं चुकलं नाही.

मॅडमचं पूर्ण नाव डॉ. हिरा घरत. तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका खाजगी संशोधन संस्थेत त्या पेशी वाढवायच्या विभागाच्या प्रमुख होत्या आणि मी तिथेच तपासणीच्या टेबलावर. कोणी वाढवलेल्या पेशी शुद्ध आहेत का, त्यांत काही जंतू शिरलेत का, हे बघायचं माझं काम. त्यामुळे मॅडमनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "या फौजदार, घ्या झडती," असं म्हणायच्या. आमच्या खालच्या मजल्यावर मसाल्याचं गोदाम होतं. मिरच्यांची गाडी रिकामी होत असली की आमचा अख्खा जिना शिंकत असे. मॅडम तेव्हा पेशींच्या खोलीच्या दारात उभ्या राहत आणि ज्याला शिंक आली त्याला आत सोडत नसत. शिंकणारा डायरेक्टर असला तरी नाही.

पहिल्या दिवशी मी त्या खोलीत शिरलो आणि चारचौघांसारखं "नमस्कार मॅडम" म्हणालो. त्या हुडासमोर बसल्या होत्या. हुड म्हणजे काचेची मोठी पेटी, तिच्यातून गाळलेली हवा वाहत असते आणि पेशींच्या बशा तिच्यातच उघडायच्या असतात. मॅडमनी मान वर न करता दाराकडे बोट दाखवलं. मला वाटलं मागून कोणी आलंय, म्हणून मी वळून बघितलं. कोणी नव्हतं. मग बाहेर येऊन त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं.

"नमस्कार बाहेर करायचा," त्या म्हणाल्या. "माणसाच्या तोंडात मायकोप्लाझ्मा नावाचा एक बारका जंतू राहतो, माहितीय ना? तोंडात असतो तोवर गरीब असतो. पेशींत पडला की त्यांचं खाणं खातो. आणि पाणी गढूळ होत नाही, वास येत नाही, सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. मास्क लावून बोललात तरी बाजूने सुटतो. मग आपण महिनोन्‌महिने बघत बसतो आणि जे बघतो ते सगळं खोटं. म्हणून हुडासमोर तोंड उघडायचं नाही. आग लागली तर हाताने सांगायचं."

मला तो अतिरेक वाटला होता. पण ती खोली खरोखरच गप्प असे. चार-पाच माणसं आत काम करतायत आणि फक्त हवेची घरघर ऐकू येतेय. कोणाला काही हवं असेल तर हातवारे. नव्या माणसाला वाटायचं, मुक्यांच्या शाळेत आलो की काय.

त्या खोलीबाहेर मात्र मॅडमना गप्प करणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. जेवणाच्या सुट्टीत त्या जिन्यावर बसत, कारण त्यांच्या डब्यातल्या सुकटीच्या वासाबद्दल डायरेक्टरांनी एकदा नाक मुरडलं होतं. "त्यांच्या एसीला वास लागतो म्हणे," असं म्हणून त्या तांदळाच्या भाकरीचा तुकडा मोडायच्या आणि गावच्या गोष्टी सुरू करायच्या. गाव उलव्याच्या पलीकडे, खाडीकाठी. वडील मिठागरात होते, थोडी भातशेती होती. ती विमानतळाच्या कामात गेली, घरही उठलं, बदल्यात दुसरीकडे प्लॉट मिळाला. गावातले कोण बिल्डर झाले, कोणी गाड्या घेतल्या आणि कोणी त्या विकल्या, हे सगळं त्या हसत हसत सांगत. लग्न केलं नव्हतं. नेरूळला एका खोलीत राहायच्या. दिवाळी असो की गणपती, सकाळी येऊन पेशींचं पाणी बदलून जायच्या. पेशींना रोज नवं अन्न लागतं, त्यांना सण कळत नाही. "म्हैस असती तर शेजारणीला सांगून गेले असते," म्हणायच्या.

आता आमचं काम काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माणसाचं थोडं रक्त घ्यायचं आणि त्यातल्या पेशींना मागे न्यायचं, इतकं मागे की तिथून त्या पुन्हा काहीही होऊ शकतील. मेंदूच्या, हृदयाच्या, कशाच्याही. अशा मागे गेलेल्या पेशी म्हणजे स्टेम सेल. हे मागे न्यायचं काम चार जनुकं करतात. ती पेशीच्या आत पोचवायची कशी, इथे सगळी मारामारी. विषाणूच्या पाठीवर बांधून पाठवली तर काम पटकन होतं, कारण आत घुसणं हाच विषाणूचा धंदा. पण त्यातले काही विषाणू आत गेले की पेशीच्या स्वतःच्या जनुकांमध्ये कायमचे चिकटून बसतात आणि पुढे काय उपद्व्याप करतील याचा नेम नसतो.

मॅडमना विषाणू चालत नसत. त्या जनुकांचं एक छोटं गोल कडं बनवायच्या. पेशींना विजेचा क्षणभराचा फटका द्यायचा. त्याने पेशीच्या पातळ आवरणाला भोकं पडतात, कडं आत जातं, भोकं बुजतात. हे कडं कशाला चिकटत नाही. आत राहून आपलं काम करतं आणि पेशींच्या पिढ्या होत गेल्या की हळूहळू हरवतं. शेवटी पेशी मागे गेलेली असते आणि कडं नसतं. "काम झालं, निघा," असं मॅडम त्याला म्हणायच्या. माझ्या घरच्या सत्यनारायणाला आल्या तेव्हा प्रसाद खाऊन उठल्या आणि तेच म्हणाल्या, "काम झालं, निघते."

पण हा रस्ता महागडा. बहुतेक पेशी त्या फटक्यातच मरतात. "फटका असा हवा की दार उघडलं पाहिजे, पण घर पडता कामा नये," हे त्यांचं रोजचं वाक्य. घरं मात्र भराभर पडायची. त्यांनी जनुकं तेलाच्या बारीक थेंबांत गुंडाळून बघितली, दुसऱ्याही युक्त्या करून बघितल्या, पण रक्ताच्या पेशी कशाला दाद देत नव्हत्या. शेवटी पुन्हा फटका.

एकदा डायरेक्टरांनी विषाणूचं किट विकणाऱ्या माणसाला बोलावलं. गडी दिल्लीकडचा, टायबिय घालून आलेला. त्याने पडद्यावर चित्रं दाखवली. डायरेक्टर म्हणाले, "मॅडम, जग पुढे गेलंय. आपण अजून पेशींना शॉक देत बसलोय."

"सर, पनवेलला तुमची जमीन आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"आहे. त्याचं काय?"

"चार दिवस राहतो म्हणून कोणी आला, तर त्याचं नाव सातबाऱ्यावर लावून द्याल?"

"काहीतरीच काय."

"मग हा काय करतो दुसरं? आत जातो आणि सातबाऱ्यावर नाव लावून घेतो. नंतर काढून दाखवा."

किटवाल्याने भाबडेपणाने विचारलं, "मॅडम, ये सातबारा क्या होता है?" झालं. मॅडमनी त्याला गावातल्या प्रत्येक सातबाऱ्याची कहाणी ऐकवली. कोणाचं नाव कसं लागलं, कोणाचं कसं उडालं, कोणाचे चुलते अजून कोर्टात आहेत. तो शेवटी किट न विकता आणि चहा न घेता गेला. आम्ही आठवडाभर हसत होतो.

मॅडम कठोर होत्या, हेही सांगितलं पाहिजे. आमच्याकडे शिंदे म्हणून एक संशोधक होता, मूळचा साताऱ्याकडचा. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी. पीएचडीसाठी त्याने एका बाईच्या रक्तापासून पेशी तयार केल्या होत्या, फार कष्टाने. माझ्या तपासणीत त्यांत मायकोप्लाझ्मा निघाला. कुठून आला कळलं नाही. शिंदेने हात जोडले, "मॅडम, एक चान्स द्या. अँटिबायोटिक घालून बघतो. वेगळ्या इनक्युबेटरमध्ये ठेवतो."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "औषधाने तो मरेल, कदाचित. पण तुझ्या पेशींचं काय झालं असेल ते कोण सांगणार? टाक."

त्याच्यासमोर उभं राहून त्यांनी त्या पेशींवर ब्लीच ओतायला लावलं. शिंदे दोन दिवस कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशी मॅडम स्वतः कोपरखैरण्याला त्याच्या घरी गेल्या, त्याच्या आईच्या हातचं पिठलं खाल्लं आणि त्याला घेऊन आल्या. पण निर्णयाबद्दल एक अक्षर मागे घेतलं नाही. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. शिंदेला तर नक्कीच आला असणार.

त्यानंतर विलासचा आजार आला. विलास मॅडमचा धाकटा भाऊ. उरणकडे कंटेनर यार्डात ट्रेलर चालवायचा. एक दिवस त्याला गिअर टाकता येईना. हाताला मुंग्या आल्या असतील म्हणून त्याने हात झटकला. मग हात वाळायला लागला, मग दुसरा. शरीर हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, असा तो आजार. त्याच्यावर औषध नाही. वडील असेच गेले होते, तेव्हा गावात म्हणाले की मिठागराच्या पाण्याने माणूस खाल्ला. आता तपासणीत कळलं की दोष जनुकातला आहे, घराण्यातून चालत आलेला. आणि विलासला एक मुलगी होती, मयूरी. बारावीला. तिच्यात तो दोष उतरला असेल किंवा नसेल, छापा किंवा काटा.

"तिची तपासणी करायची नाही," मॅडमनी घरात सगळ्यांना बजावलं. "मोठी होऊ दे, स्वतःहून विचारू दे. अठरा वर्षांच्या पोरीला औषध हातात नसताना असलं काही सांगायचं नाही." मग त्या विलासला म्हणाल्या, "तुझं रक्त दे. तुझ्या पेशींपासून मी तशाच नसा बशीत बनवीन. त्या कशाने मरतात ते बघू, कुठलं औषध त्यांना वाचवतं ते बघू. तुला उपयोग नाही व्हायचा विलास, खोटं नाही बोलत. पण मयूरीच्या वेळेला हातात काहीतरी असेल."

रक्त द्यायला तो आमच्या लॅबमध्येच आला. अंगापिंडाने चांगला होता, फक्त शर्टाची बटणं कोणीतरी लावून दिलेली दिसत होती. सुई बघून म्हणाला, "बाय, मना सुईचं भ्याव वाटतं. डोक्यावर कंटेनर लटकतं त्याचं नाय वाटत." मग बाटलीत चढणाऱ्या रक्ताकडे बघत हळूच म्हणाला, "माज्या पोरीचं बग. माजं जाऊ दे."

पहिल्या फटक्यात त्याच्या पेशी मेल्या. दुसऱ्यातही. मॅडमनी वीज कमी केली, वाढवली, पाणी बदललं. साठवलेल्या रक्तपेशी संपत आल्या. डायरेक्टर दारात येऊन म्हणाले, "आता तरी व्हायरस वापरा. थोड्या पेशींत काम होईल." ते चूक नव्हते. मॅडम उठून बाहेर आल्या, दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, "यावर मयूरीचं औषध निवडायचंय, सर. त्यात दुसऱ्या कोणाचं नाव लागलेलं नको." शेवटच्या कुपीतल्या पेशींना त्यांनी शेवटचा फटका दिला आणि आठवडे वाट बघत बसल्या.

बशीत मागे गेलेल्या पेशींची एक वसाहत उगवली. एकच. पण चांगली, चपटी, गोल, कडा रेखीव. त्या दिवशी मॅडमनी आम्हाला सगळ्यांना बेलापूरहून मागवलेले पेढे दिले, स्वतः खाल्ला नाही. तोवर विलासची जीभ गेली होती. मॅडम संध्याकाळी गावी जायच्या, त्याच्या उशाशी बसायच्या आणि मोबाईलवर त्या वसाहतीचे फोटो दाखवायच्या. तो ओठाच्या एका कोपऱ्याने हसायचा, असं त्या सांगत. बोलत काहीच नसत. "त्याला उत्तर देता येत नाही, मग मी कशाला बडबडू? त्याला वाईट वाटतं," म्हणाल्या.

कडं पेशींतून पूर्ण निघून जायला महिने लागतात. मधल्या काळात विलास गेला. त्याचा श्वास चालवणारे स्नायूच थकले. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम कामावर हजर. सुतकात बाहेर पडल्या म्हणून भावकीत बोलणं झालं असणार. मी नुसता बघत राहिलो तर म्हणाल्या, "पेशींना खायला कोण घालणार?" आणि आत जाऊन हुडासमोर बसल्या.

त्यांच्या आईला ही गोष्ट कुठून तरी कळली, की विलासचं काहीतरी लेकीच्या कामावर अजून जिवंत आहे. म्हातारी हट्टाला पेटली आणि एक दिवस मयूरीबरोबर आली. नेमक्या मिरच्या उतरत होत्या. म्हातारी जिन्यात शिंकायला लागली, तर मॅडमनी जन्मदात्या आईलाही आत सोडलं नाही, शिंका थांबेपर्यंत जिन्यावर बसवून ठेवलं. मग नऊवारीवर पांढरा अंगरखा, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. "आत बोलायचं नाय, आये," असं सांगितलं. म्हातारी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पुष्कळ वेळ वाकून राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "तांदलाची भाकरच दिसतं. जितं हाय ना?"

"जितं हाय."

"मी येडी नाय गं. विलास गेला, मना ठाव हाय. माज्या म्होरं गेला. पन कायतरी जितं हाय ना त्याचं."

त्यानंतर ती रोज दुपारी फोन करायची. मॅडम जिन्यावर जेवत असायच्या. "बरं हाय ना?" एवढंच विचारायची. "बरं हाय," एवढंच मॅडम सांगायच्या. मला तो फोन ऐकवत नसे. तो वाजला की मी डबा उचलून टेबलावर जायचो.

कडं निघून गेल्याचा अहवाल आला. कुठे मागमूस नाही, पेशी निखळ विलासच्या. मॅडमचा चेहरा त्या दिवशी लहान मुलीसारखा झाला होता. आता फक्त माझी तपासणी राहिली होती, मग त्या पेशी कायमच्या साठवणीत जाणार आणि नसा बनवायचं काम सुरू. "घ्या झडती, फौजदार," त्यांनी कुपी माझ्या हातात दिली.

मायकोप्लाझ्मा निघाला.

मी पुन्हा तपासलं, किट बदलून तपासलं. मधल्या काळात गोठवलेल्या कुप्या काढून तपासल्या. सगळीकडे होता. मग जंतूची जात शोधली. माणसाच्या तोंडात राहतो तोच. त्या पेशींना मॅडमखेरीज कोणी हात लावलेला नव्हता. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "मॅडम, काहीतरी घोटाळा असेल. तुम्ही तर आत कधी..."

"बोलत होते मी," त्या म्हणाल्या.

मला कळेना.

"त्याच्याशी बोलत होते. सकाळी लवकर यायचे ना, कोणी नसायचं तेव्हा. मास्क लावूनच. पहिली वसाहत आली तेव्हापासून. घरी त्याच्यासमोर तोंड उघडवत नव्हतं. इथे बसलं की निघायचं तोंडातून. कोणाचं लग्न ठरलं, आई काय म्हणाली, मयूरीला किती मार्क पडले." त्या थांबल्या. "मला वाटलं मी पुटपुटतेय नुसती. आवाजसुद्धा येत नसेल."

ज्या बाईने अख्ख्या लॅबला मुकं केलं होतं, तिची ही चूक. मी रागावूही शकलो नाही. असं वाटलं, की उठून त्यांच्या पाया पडावं, आणि असंही वाटलं की त्यांना धरून हलवावं.

डायरेक्टर म्हणाले, उपचार करून बघा. मॅडम नको म्हणाल्या. तेव्हा शिंदे पुढे आला. "मॅडम, माझ्या पेशी परत मिळाल्या असत्या, विलासभाऊंच्या नाही मिळणार. करा तुम्ही. मी काही म्हणणार नाही." मॅडमना त्याच्याकडे बघवेना, म्हणून त्यांनी खिडकीकडे बघितलं आणि होकारार्थी मान हलवली. जुना इनक्युबेटर स्टोअरमध्ये लावून अँटिबायोटिक सुरू केलं. कितीतरी दिवस त्या तिथे एकट्या, दोन मास्क लावून, ओठ मिटून बसत होत्या. वसाहतींच्या कडा विस्कटल्या. उरलेल्या पेशींत जंतू संपला नव्हता, आणि गुणसूत्रं बघितली तर ती तुटून भलतीकडे जोडली गेली होती. तो अहवालही मीच दिला. दुसऱ्या कोणी दिला असता तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

"यावर मयूरीचं औषध निवडता येईल का, फौजदार?" त्यांनी मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

ब्लीच ओतायला शिंदे तयार होता. त्यांनी त्याला बाजूला केलं. स्वतः ओतलं. बशीतलं गुलाबी पाणी बघता बघता बिनरंगाचं झालं. मग हातमोजे काढून त्यांनी विचारलं, "गाडी आणलीय ना? मला गावाला सोडाल?"

मॅडमना मी शेवटचं बघितलं ते त्या दुपारी. पुढे त्यांचा राजीनामा मेलवर आला, फोन लागेनासा झाला. कोणी म्हणतं अलिबागकडे एका कॉलेजात शिकवतात. खरं-खोटं मला माहीत नाही.

त्या दुपारी मी गाडी काढली. उलव्याचे टॉवर मागे पडले, उठवलेल्या गावाची नवी वस्ती सुरू झाली. घर दुमजली, वरचा मजला भाड्याने दिलेला. म्हातारी ओट्यावर सुपात सुकट निवडत बसली होती. रोजच्या फोनची वेळ टळून गेली होती, त्यामुळे लेकीला बघताच तिचा हात थांबला.

"आज फोन नाय केलास?"

मॅडम पायरीखाली उभ्या राहिल्या. "आये, विलासच्या पेशी मेल्या. आज सकाली. मीच टाकल्या. त्यांच्यात जंतू शिरला होता. माज्या तोंडातला."

म्हातारीने हातातली सुकट सुपात टाकली. मागे कुठेतरी विमानतळाच्या बाजूने डंपर चालल्याचा आवाज येत होता.

"काय पन नाय उरला?"

"नाय."

मॅडमनी पायरीवर पाय ठेवला. म्हातारीने झटकन हात वर केला. "थांब. तशी वर येव नको." मला वाटलं, आता ही लेकीला घालवून देणार. मी काहीतरी बोलायला म्हणून पुढेही झालो. पण ती सूप बाजूला ठेवून गुडघ्यावर हात टेकत उठली आणि घरात तोंड करून ओरडली, "मयुरे, बादली भरून आन गो. तुजी आत्या मयताला जाऊन आलीय."

मयूरी पाणी घेऊन आली. आजीकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, बादली खाली ठेवली. म्हातारीने तांब्या बुडवला आणि अंगणात उभ्या असलेल्या लेकीच्या डोक्यावर, कपड्यांसकट, पाणी ओतायला लागली. एक तांब्या झाला की दुसरा. मॅडम हात खाली सोडून उभ्या होत्या. "तुमी पन पाय धुवा," म्हातारी मला म्हणाली, आणि मी चपला काढून नळाखाली पाय धरले.

बादली संपली तशी मयूरी दुसरी आणायला गेली. भरलेली बादली घेऊन येताना अर्ध्या अंगणात तिने हात बदलला, कोणीही बदलेल तसा. मॅडमच्या तोंडावरून पाणी वाहत होतं, डोळे मात्र त्यांनी मिटले नव्हते. त्या मयूरीच्या हाताकडे बघत होत्या.